बिदागी, नाईट, उचल: कलेतला पैसा कसा येतो आणि कसा जातो

जून महिन्यात पंढरपूर तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मी पुण्यात हिशेबाचं आणि विवरणपत्रं भरण्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मेशिम्मे लोक नाटकवाले, गाणारे, चित्रकार आणि पडद्यामागचे कारागीर असतात. म्हणून कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला होता. मुलीने गावाकडूनच बी. कॉम. केलं होतं. आता तिला नाटकाचं शिक्षण घ्यायचं होतं आणि पुढे त्यातच राहायचं होतं. चहा झाला. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ विचारलं, "मॅडम, ह्यात म्हैन्याला किती पडत्यात?"

वर्षातून पाच-दहा पालक तरी मला हे विचारतात. त्याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, ते मात्र समजून घेण्यासारखं आहे.

समजा, दहा जणांची एक नाटक मंडळी आहे. नऊ जण वर्षाला दीड-दीड लाख मिळवतात. दहाव्याला एक मालिका आणि दोन जाहिराती मिळाल्या, त्याचे ५० लाख झाले. दहा जणांची सरासरी निघते ६ लाख ३५ हजार. आता त्या मंडळीत ६ लाखांच्या आसपास कमावणारा माणूस शोधा. एकही नाही. मी कागदावर हे मांडत होते तेव्हा वडील म्हणाले, "हे सरासरी पावसावाणी झालं. जिल्ह्यात सरासरी गाठली म्हणत्यात, आन् आमच्या शिवारात थेंब न्हाई." याहून चांगलं स्पष्टीकरण मला जमलं नसतं. कलेत सरासरी विचारायची नसते. ओळीत मधोमध उभ्या असलेल्या माणसाला किती मिळतं ते विचारायचं. आमच्या उदाहरणात त्याचं उत्तर दीड लाख.

ही विषमता आजची नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये वकिलीचं उदाहरण देऊन लिहिलं होतं की ज्या पेशात एक जण यशस्वी होतो आणि वीस जण अपयशी, तिथे त्या एकाला वीसही जणांनी मिळवायला हवं होतं ते सगळं मिळायला पाहिजे. तसं ते मिळत नाही हेही त्याने नोंदवलं, आणि तरुण वयात माणूस स्वतःच्या नशिबाचा अंदाज नेहमी फुगवून करतो, हेही. पुढे १९८१ मध्ये शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने विचारलं की दोन कलाकारांच्या गुणांत थोडाच फरक असताना मिळकतीत एवढं अंतर कसं पडतं? त्याचं उत्तर सोपं होतं. न्हावी कितीही कुशल असला तरी दिवसाला ठरावीकच डोकी करू शकतो, म्हणून त्याच्या शेजारच्या दुकानालाही गिऱ्हाईक उरतं. गाणं एकदा तबकडीवर गेलं की तोच आवाज हजार घरांत वाजू शकतो, आणि हजाराव्या घरात वाजवायला गायिकेला वेगळे कष्ट पडत नाहीत. ऐकणाऱ्यालाही मग सर्वांत चांगला आवाजच हवा असतो. किंचित डावा आवाज थोड्या स्वस्तात कोण घेईल? ग्रामोफोन, रेडिओ, सिनेमा, टीव्ही, मोबाइल असं प्रत्येक पायरीवर हे अंतर वाढतच गेलं. गावोगावच्या बैठकीत गाऊन पोट भरणाऱ्या मधल्या फळीची जागा आक्रसत गेली.

म्हणजे कलेत जायचंच नाही का? तसं मी कुणालाच सांगत नाही. मी पालकांना वेगळंच विचारायला सांगते: पैसा कुठल्या नावाने येणार आहे?

आपल्या भाषेत कलाकाराच्या पैशाला किती शब्द आहेत पाहा. गवयाला बिदागी. नाटकातल्या नटाला नाईट. लेखकाला मानधन. तमाशातल्या कलावंताला उचल. बँडवाल्याला, फडमालकाला सुपारी. गीतकाराला रॉयल्टी. कारकुनाला सगळीकडे पगारच आणि डॉक्टरला फी. या प्रत्येक शब्दामागे पैशाचा वेगळा स्वभाव आहे, आणि धोका कुणाच्या डोक्यावर आहे हेही त्यात दडलेलं असतं.

नाईट घेऊ. नाईट म्हणजे एका प्रयोगाचे ठरलेले पैसे. समजा एका नवख्या पण बऱ्यापैकी भूमिका करणाऱ्या मुलीची नाईट २,५०० रुपये ठरली आणि वर्षात ८० प्रयोग झाले. झाले २ लाख. आता वेळ मोजा. तालमी दीड महिना, रोज पाच तास. तालमीचे पैसे बहुतेक ठिकाणी नसतात. ४० प्रयोग शहरात; मेकअप, प्रवास, प्रयोग, परतणं धरून प्रत्येकी नऊ तास. ४० प्रयोग दौऱ्यावर. बसमधला वेळ धरून प्रत्येकी वीस तास. बेरीज होते सुमारे १,३८५ तास, म्हणजे तासाला १४४ रुपये. आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, प्रत्येकीचे वेगळे येतील. पण हा कागद स्वतःच्या आकड्यांनी एकदा भरावाच. नाटकातल्या कितीतरी गुणी मुलामुलींनी तो कधी भरलेला नसतो.

नाईटचा स्वभाव असा की प्रयोग आहे तर पैसे आहेत. घसा बसला, परीक्षांचा महिना आला, गणपतीचे दिवस आले, निवडणुका लागल्या की प्रयोग कमी आणि पैसेही कमी. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहांना कुलूप लागलं तेव्हा नाईटवर जगणाऱ्यांचं उत्पन्न एका दिवसात शून्यावर आलं. पडद्यामागचे रंगमंच कामगार तर हातावर पोट असणारे. त्यांच्यातल्या काहींच्या वह्या मी पाहिल्या आहेत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पानंच्या पानं कोरी.

मग निर्माता नाईट वाढवून का देत नाही? इथे निर्मात्याचीही बाजू समजून घ्यायला हवी, कारण त्याच्या गणितावर नटाचं गणित टांगलेलं असतं. समजा ७०० खुर्च्यांचं नाट्यगृह आहे, तिकीट सरासरी ३०० रुपये. भाडं, जाहिरात, सगळ्यांच्या नाईट, सेटचा टेम्पो, लेखक-दिग्दर्शकाचं मानधन, प्रकाश-ध्वनी मिळून एका प्रयोगाचा खर्च ९० हजार. म्हणजे ३०० माणसं आली की खर्च निघाला. ३५० आली तर १५ हजार सुटले. २५० आली तर १५ हजार गेले. नफा आणि तोटा यांच्यामध्ये शंभर माणसं उभी असतात! खर्च आधीच ठरलेला आहे, तो प्रेक्षक कमी आले म्हणून कमी होत नाही. नाटक उभं करायला १५ लाख घातले असतील आणि प्रयोगामागे सरासरी १५ हजार सुटत असतील, तर घातलेले पैसे परत यायला १०० प्रयोग लागतात. शंभराव्या प्रयोगाला पेढे वाटतात ते उगाच नाही. त्या दिवशी कुठे निर्माता मोकळा श्वास घेतो.

यात आणखी एक अडचण आहे, ती कुणाच्या लबाडीतून आलेली नाही. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी अमेरिकेतल्या नाट्य-संगीत संस्थांचे हिशेब तपासून ती दाखवून दिली. कारखान्यात एक कामगार पन्नास वर्षांपूर्वी दिवसाला जेवढे नग काढायचा त्याच्या कितीतरी पट आज काढतो, कारण यंत्रं सुधारली. म्हणून त्याचा पगार वाढला तरी नग महाग होत नाही. नाटकाचं तसं होत नाही. पाच पात्रांचं अडीच तासांचं नाटक करायला बालगंधर्व रंगमंदिर उघडलं त्या १९६८ साली पाच माणसं आणि अडीच तास लागायचे, आजही तेवढंच लागतं. पण त्या पाच माणसांना घरभाडं, किराणा, मुलांची फी आजच्या दराने द्यावी लागते. त्यामुळे जिवंत कला बाकीच्या वस्तूंच्या मानाने दरवर्षी महाग होत जाते. संगीत नाटकाच्या काळात कंपन्यांचं बिऱ्हाड असायचं. नट, गायक, साजिंदे, आचारी, सगळा लवाजमा. आज व्यावसायिक नाटकात चार-पाच पात्रं आणि एकच सेट दिसतो. त्यात लेखकांच्या कल्पनेचा दोष कमी आणि बॉमोलच्या हिशेबाचा भाग जास्त आहे. पु. लं.सारखा एकटा माणूस रंगमंच भरून टाकू शकतो तेव्हा हेच गणित उलटं फिरतं, पण तशी माणसं रोज जन्माला येत नाहीत.

निर्माता आणि नट एकच झाले तर? मराठी माणसाला ही गोष्ट माहीत आहे, फक्त ती हिशेब म्हणून सांगितली जात नाही. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व. त्यांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये उभी राहिली. लोक त्यांच्यासाठी वेडे होते, थिएटरं भरत होती. तरी कंपनी कर्जात बुडाली, कारण रंगमंचावरचं वैभव खरंखुरं हवं, खोटं नको, असा त्यांचा हट्ट होता. भागीदार निघून गेले, कर्ज त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि कष्टाने फेडलं. मग १९३१ नंतर बोलपट आले. १९३५ मध्ये ते स्वतः सिनेमात उतरले, पण तिथे रमले नाहीत, आणि उतारवयात त्यांचे फार हाल झाले. त्यांच्या गाण्याला तोड नव्हती, ती आजही नाही. तोट्याचं कारण वेगळं होतं. तिकीटविक्रीचा वरखाली होणारा पैसा आणि दरमहा देणं असलेलं कर्ज, हे दोन्ही एकाच माणसाच्या खिशात होतं. फाळके यांनीही पत्नीचे दागिने आणि विम्याची पॉलिसी गुंतवून १९१३ मध्ये पहिला चित्रपट केला. तो चालला म्हणून ती कथा आपण अभिमानाने सांगतो. ज्यांचे चालले नाहीत त्यांच्या बायकांचे दागिने कुणाच्या स्मरणात नाहीत. माझ्याकडे मात्र त्यांच्या फायली येतात. म्हणून मी कळकळीने सांगते: कला स्वतःच्या कष्टावर करा, राहत्या घरावर कर्ज काढून करू नका.

उचल हा शब्द आला की मला नारायणगाव आठवतं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्या येतात, सुपाऱ्या ठरतात, कुठल्या गावाला कुठल्या तारखेला कुठला फड ते पक्कं होतं. जोखीम सांभाळायची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. तारखा आधी विकल्या गेल्या की निदान त्या दिवसांचा घोर मिटतो. पण त्याच्या पोटात दुसरा व्यवहार असतो. हंगाम नसताना कलावंताला जगायला पैसे लागतात, ते फडमालक उचल म्हणून देतो. मालक ती रक्कम बहुतेक वेळा व्याजाने आणतो. हंगामात कलावंत ती कामाने फेडतो. म्हणजे उचल ही मिळकत वाटते, पण असतं ते कर्ज. दुष्काळ पडला, जत्रा रद्द झाल्या, तर मालक सावकाराला बांधलेला आणि कलावंत मालकाला. विठाबाई नारायणगावकरांसारख्या राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या कलावतीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या गेल्या आणि नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

वडील इथवर गप्प ऐकत होते. उचलीचं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ऊसतोडीच्या टोळ्या त्यांच्या भागातून दरवर्षी जातात. ते म्हणाले, "मग ह्यात जमीन कंची? आमची बाग जळाली तर जमीन तरी ऱ्हाती."

या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. कलेत जमीन असू शकते. तिला कायद्यात कॉपीराइट म्हणतात. लिहिलेलं, स्वरबद्ध केलेलं, काढलेलं चित्र, हे ते घडवणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं त्याच्या आणि वारसांच्या मालकीचं राहू शकतं. पण ही जमीन कागदाच्या एका सहीने जाते.

मुलीच्या वडिलांच्या बांधावर चिंचेची झाडं आहेत, ती ते दरसाल उक्ती देतात. व्यापारी झाडावरच्या चिंचा बघतो, एक रक्कम देतो, मग चिंचा किती निघाल्या ते त्याचं नशीब. द्राक्षं मात्र ते वजनावर विकतात. कलेतही हेच दोन व्यवहार आहेत. एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क दिले की झाला उक्ता सौदा. रॉयल्टी ठरवली की झाला वजनावरचा. उक्ता सौदा वाईटच असं मी म्हणत नाही. घरात दुखणं असेल, काम चालेल याची खात्री नसेल, तर आजचे २० हजार उद्याच्या आशेपेक्षा खरे. पण चिंचा उक्त्या देताना कुणी झाड लिहून देत नाही, एका हंगामाच्या चिंचा देतो. कलाकार मात्र कागद न वाचता झाड, बांध आणि वाट, सगळं कायमचं लिहून देतात.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो कलाकाराच्या बाजूने बराच झुकलेला आहे, हे फार जणांना माहीत नसतं. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतासाठी. आणि २०१२ च्या दुरुस्तीने सर्वांत मोठं काम केलं. चित्रपटासाठी गीत लिहिणारा आणि संगीत देणारा यांनी हक्क विकले असले तरी चित्रपटगृहाबाहेर त्या गाण्याचा जो वापर होतो त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांचाच राहतो. तो त्यांनी सोडून देतो म्हटलं तरी सोडता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. 'सोडता येत नाही' हे शब्द फार मोलाचे आहेत. नवखा कलाकार वाटाघाटीत नेहमीच दुबळा असतो, त्याला सही कर म्हटलं की तो करतो. कायद्याने त्याच्या हातातलं पेनच काढून घेतलं. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला तेव्हा मोहम्मद रफींचं मत वेगळं पडलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लताबाईंना हे का कळत होतं याचं उत्तर मला त्यांच्या लहानपणात दिसतं. वडिलांची नाटक कंपनी बुडताना त्यांनी पाहिली होती. १९४२ मध्ये दीनानाथ गेले तेव्हा त्या अवघ्या बारा वर्षांच्या होत्या आणि घर चालवायचं होतं. हंगामाचा पैसा हंगामाबरोबर संपतो, हे त्या घरात शिकल्या होत्या.

अभिनेत्याच्या बाबतीत जमीन जरा खडकाळ आहे. मालिकेत, चित्रपटात काम करणाऱ्याला बहुतेक वेळा दिवसाचे किंवा कामाचे ठरलेले पैसेच मिळतात, तेही मालिकांच्या धंद्यात साधारण ९० दिवसांनी. त्यातूनही बऱ्याचदा १० टक्के कर आधीच कापलेला असतो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. न भरणारे किती तरी जण माझ्या माहितीत आहेत, ते आपले पैसे सरकारजमा करून मोकळे होतात. आणि तीन वर्षांची विवरणपत्रं हातात नसली की बँक घरासाठी कर्ज देताना दारातूनच परत पाठवते.

चित्रकाराची जमीन आणखी वेगळी. वासुदेव गायतोंडे हे मोठे चित्रकार २००१ मध्ये दिल्लीत गेले. आयुष्य त्यांनी अगदी साधेपणाने काढलं. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. तो पैसा चित्राच्या त्या वेळच्या मालकाचा. चित्रकाराने विकलं त्या दिवसाची किंमत तेवढी त्याची असते. आमच्याकडे हा आकडा दाखवून "बघा, चित्रकलेत केवढा पैसा आहे" म्हणणारे येतात. पैसा आहे, फक्त तो कुणाला आणि कधी मिळाला ते विचारायला हवं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. एकाच श्रीमंताच्या भिंतीवर जाणारं चित्र त्यांना घराघरात न्यायचं होतं. रोझेन जे पुढे सांगणार होता ते रविवर्मा आधीच ओळखून होते. लक्ष्मी-सरस्वतीची त्यांची चित्रं खरोखरच देवघरांत पोचली. छापखाना मात्र तोट्यात गेला, मळवलीला हलवावा लागला आणि शेवटी एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. प्रसिद्धी आणि मिळकत या एकाच रस्त्याने चालतात असं समजू नये.

आता मुलीकडे वळले. तिने इतका वेळ वहीत काहीतरी टिपलं होतं. मी तिला विचारलं, नाटक नसेल त्या महिन्यात काय करशील? ती म्हणाली, "काहीही करेन." काहीही म्हणजे काय ते ठरवायला लागतं. द्राक्षाला भाव नसला की तिचे वडील बेदाणा करतात. माल तोच, फक्त टिकणारा. अभिनय शिकलेल्याचा बेदाणा असतो: डबिंग, श्राव्य पुस्तकांचं वाचन, शाळांतल्या नाट्यशिबिरांचं काम, भाषांतर, संहिता तपासणं. यातलं निदान एक कौशल्य शिक्षण चालू असतानाच हाताशी करून ठेवावं. गरज पडल्यावर शिकायला घेतलं तर उशीर होतो.

दुसरी नोकरी ठेवणं ही कमीपणाची गोष्ट आहे असं नवीन मुलांना वाटतं. डेव्हिड थ्रॉस्बी या ऑस्ट्रेलियातल्या अर्थशास्त्रज्ञाने कलाकारांचं वागणं अभ्यासून दाखवलं की ते इतर कामातून पैसे मिळवतात आणि त्या पैशांनी कलेसाठी वेळ विकत घेतात. आपल्या रंगभूमीला हे सांगायची गरज नव्हती. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक होते, वयाच्या चाळिशीनंतर, १९६९ मध्ये, ते पूर्णवेळ नट झाले. अशोक सराफ कितीतरी वर्षं स्टेट बँकेत नोकरी करत होते. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. बँका, एलआयसी, गिरण्या, रेल्वे यांच्या पगारावर मराठी नाटकाची दोन पिढ्या जोपासना झाली आणि त्याचे आभार कुणी फारसे मानले नाहीत. पाच वाजता सुटणारी, कायम असलेली नोकरी ही त्या काळातली न सांगता दिलेली शिष्यवृत्ती होती. मला आजची खरी काळजी तिथे वाटते. आता खाजगी नोकरी रात्री नऊला सुटते आणि रविवारीही फोन करते. तालमीला येणार कोण?

आणि धोका सगळ्यांना सारखा नसतो. पुण्यात आईवडिलांचं घर असलेल्या मुलीला महिन्याला १० हजार मिळाले तरी ती पाच वर्षं टिकते. लातूरहून, चंद्रपूरहून आलेल्या मुलीचे ते १० हजार खोलीभाड्यात आणि मेसमध्ये जातात. दोघींचे गुण सारखे असले तरी पाच वर्षांनी रंगमंचावर कोण उरेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. रंगमंचावर मग एकाच तऱ्हेची माणसं, एकाच तऱ्हेची बोली आणि एकाच तऱ्हेची दुःखं दिसत राहतात. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात येत नाही, पण ते माझं आणि प्रत्येक प्रेक्षकाचं आहे.

राहिला आनंद. अर्थशास्त्रात त्यालाही मिळकतच मानतात, आणि मीही मानते. आवडीचं काम करायला माणूस कमी पैशांत तयार होतो, यात वेडेपणा नाही. तो पगाराचा एक भाग समाधानाच्या रूपात घेत असतो. पण देणाऱ्याला ते कळलं की तो समाधानाचं वजन वाढवतो आणि पैशाचं कमी करतो. "स्टेज मिळतंय ना", "नाव होईल", शाल, श्रीफळ, फोटो. मानधन हा शब्दही मला त्यामुळे खटकतो. त्यात मान आधी येतो आणि धन मागून, आणि पुष्कळदा मागचं येतच नाही. मी माझ्याकडच्या मुलांना सांगते, मान घ्या, पण बिलावर आकडा लिहा, तारीख लिहा, आणि किती दिवसांत पैसे हवेत तेही लिहा.

म्हातारपणाचंही त्याच दिवशी बोलून घेतलं. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं. असावंच ते. पण त्यावर उतारवय काढायचं ठरवू नये. भविष्य निर्वाह निधी नसलेल्या माणसाने पहिल्या नाईटपासून दहावा हिस्सा बाजूला टाकला आणि आरोग्यविमा काढला, तर त्याला साठीत कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. पहिल्या नाईटमधून २५० रुपये निघतात. तिथून सुरुवात करता येते.

मग आम्ही तिघांनी कागद घेतला. शिक्षणाची दोन वर्षं, त्यानंतर प्रयत्नांची तीन. नवी बाग लावली की पहिली दीड-दोन वर्षं फळ नसतं, नुसता खर्च, हे वडिलांना माहीत होतं, म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या रकान्यात शून्य लिहायला ते कचरले नाहीत. पुण्यातली खोली, मेस, बस, मोबाइल धरून महिन्याचा आकडा काढला. त्यातला किती भाग घरून येईल आणि तो कधी थांबेल, ते वडिलांनी स्वतः सांगितलं. प्रयत्नांच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मुलीचा निम्मा खर्च तिच्या कोणत्याही कलाकामातून निघत असेल तर पुढे जायचं. निघत नसेल तर नोकरी धरायची आणि नाटक संध्याकाळी करायचं. 'नाटक सोडायचं' असं कागदावर कुठे लिहिलं नाही, मुलीने ते लिहू दिलं नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं.

उठताना वडिलांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, मग पुन्हा काढून मुलीला दिली. "तुझ्यापाशी ठिव," म्हणाले, आणि मला विचारलं, "मॅडम, आक्टोबर छाटणीच्या टायमाला हिला आठ दिस सुट्टी घावंल का?"

मी म्हटलं, त्या दिवसांत प्रयोग असतील तर नाही.